पोकळ झाडाचा धनी

परतवाड्याच्या लाकूड बाजारात पोकळ ओंडक्याला कोण विचारतो? व्यापारी त्यावर थाप मारतो, आवाज ऐकतो आणि पुढे जातो. मेळघाटातला रानपिंगळा मात्र नेमकं असंच झाड हुडकत असतो.

वीतभर उंचीचं हे घुबड. गावातल्या पिंगळ्याचा चुलतभाऊच, पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ, काहीही. त्याला स्वतःला लाकूड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली किंवा फांदी मोडून कुजत गेलेली ढोली मिळाली, तरच संसार.

१८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता. १९१४ची एक नोंद होती, पण ती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज साहेबाची लबाडी निघाली. साहेबाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! ती नोंद बाजूला सारून पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणांच्या मागे गेले, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला सापडला. पुढे तो मेळघाटातही दिसला. जगभरात मिळून प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

आता जरा अमेरिकेत जाऊ. तिथे अधिवासावरून एक भांडण झालं होतं, तेही घुबडावरूनच. धोक्यात आलेल्या प्राण्यांना 'हानी' करू नका, असं तिथला १९७३चा कायदा सांगतो. हानी म्हणजे काय? प्राणी मरेल किंवा जखमी होईल अशा रीतीने त्याचा अधिवास उद्ध्वस्त करणं हीसुद्धा हानीच, असं नियमाने ठरवलं. ठिपकेवाल्या घुबडाच्या जुन्या जंगलात लाकूडतोड करणाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. १९९५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम उचलून धरला. एप्रिल २०२५मध्ये तिथल्या सरकारने ही व्याख्याच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे घुबडाला गोळी घालायला बंदी, त्याचं जंगल तोडायला मोकळीक. जीवशास्त्राच्या हिशेबात हे बसत नाही. एक पक्षी मेला तर पुढच्या विणीत ती जागा भरू शकते. ढोली असलेलं म्हातारं झाड पुन्हा उभं राहायला माणसाच्या दोन पिढ्या जातात, आणि तोवर त्या टापूत एकही जोडी पिल्लं काढू शकत नाही.

कागदावरचा एक शब्द काय करतो, हे पूर्व विदर्भाला सांगायला नको. सातबाऱ्यावरच्या 'झुडपी जंगल', म्हणजे झुडपं वाढलेली पडीक जमीन, या नोंदीने गावंच्या गावं अडकून पडली. मे २०२५मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे, असं सांगितलं. ज्यांची घरं त्यावर आहेत त्यांचा जाच खराच आहे, पण तो सोडवायला जंगल या शब्दातूनच जंगल काढायची गरज नाही.

आपला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्याची अंडी-घरटी विस्कटण्यालाही शिकारच म्हणतो. मात्र वीण संपली की रानपिंगळ्याची ढोली रिकामी होते. तेव्हा ते झाड पाडलं, तर आत ना अंडं सापडतं, ना पिल्लू, ना पंचनाम्यात लिहिण्याजोगं एखादं पीस.