पीसीले बी पात्र-अपात्र

२०२५ च्या ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी ऐन रंगात होती आणि ग्रामपंचायतीच्या दारात रांग लागलेली होती. अतिवृष्टीचं अनुदान, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, सातबारे, दाखले असं सगळं एकाच वेळी आलं होतं. आर्णी तालुक्यातल्या एका गावात माझा मामेभाऊ संगणक परिचालक आहे. त्याचा फोन आला. "दादा, स्क्रीनवर आलं का हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. आता पीसीले बी पात्र-अपात्र आलं का? यादीत नाव नाही म्हणून भंगारात टाकू कायले, चांगला चालते न!"

पात्र-अपात्र हा शब्द त्याच्या रोजच्या कामातला. गावातली निम्मी भांडणं त्याच शब्दावरून होतात. त्यातून त्याला एक गोष्ट पक्की कळलेली आहे. यादीतून नाव गळण्याची कारणं दोन प्रकारची असतात. कधी माणूस निकषात खरंच बसत नाही, तर कधी नुसता एक कागद जोडायचा राहिलेला असतो. संगणकाचंही थेट तसंच आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच सुरक्षा अपडेट द्यायचं ठरवलं होतं. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण मुदतवाढ घेतली नसेल तर त्यानंतर सापडणारी भोकं बुजवायला कोणी येणार नाही. विंडोज ११ बाजारात आली ती ५ ऑक्टोबर २०२१ ला. ती ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा मागते. त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. अडलं ते टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर या तीन अटींवर.

टीपीएम म्हणजे काय हे मामेभावाला समजवायला मला वेळ लागला नाही, कारण त्याच्या टेबलाच्या खणात टीपीएमचा चुलतभाऊच पडलेला होता: सरपंचांच्या डिजिटल सहीचा डोंगल. वित्त आयोगाच्या पैशातून बिल काढायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डोंगल लावावे लागतात. त्या यूएसबी कांडीत एक गुप्त किल्ली असते. ती कांडीतच जन्मते आणि तिथून कधी बाहेर पडत नाही. संगणक कागदाचा गोषवारा कांडीला देतो, कांडी आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर देते. म्हणून संगणकात व्हायरस शिरला तरी किल्लीची नक्कल करून नेता येत नाही. टीपीएमही हेच करतो, फक्त तो मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, बसलेला असतो आणि सही सरपंचांची नसते, त्या यंत्राची असते. कुठे ती वेगळी चिप असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पीटीटी आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एफटीपीएम या नावाने तीच सोय आत बसवलेली असते.

टीपीएमचं दुसरं काम मला जास्त आवडतं. त्यात साधारण २४ छोटे कप्पे असतात, त्यांना पीसीआर म्हणतात. संगणक सुरू होताना आधी मदरबोर्डवरच साठवलेला बायोस हा प्रोग्राम चालतो, तो पुढच्याला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला. प्रत्येक जण पुढच्याच्या हाती कारभार सोपवण्याआधी त्याचं माप घेतो आणि ते माप टीपीएमला कळवतो. इथे गंमत अशी की कप्प्यात नवं माप थेट लिहिता येत नाही. जुना आकडा आणि नवं माप एकत्र करून त्यांचा गणिती काढा काढायचा, आणि तो काढा म्हणजे कप्प्यातला नवा आकडा. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखं आहे हे. मागची नोंद खोडायची सोय नाही, तिच्यापुढे नवी जोडायची तेवढी. मधल्या एखाद्या प्रोग्रामचं एक अक्षर जरी बदललं तरी शेवटचा आकडा पार वेगळा येतो. संगणक बंद केला की वही कोरी होते, आणि सकाळी पुन्हा पहिल्या नोंदीपासून सुरुवात.

या आकड्याचा उपयोग काय? डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करायचा तर त्या कुलपाची किल्ली टीपीएम सांभाळतो, आणि कप्प्यांतला आकडा ठरल्याप्रमाणे आला तरच ती देतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ती उघडत नाही.

सुरुवातीच्या या काही सेकंदांची एवढी काळजी का, याचं उत्तर लाहोरमध्ये आहे. १९८६ मध्ये तिथल्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सर्वात आधी वाचतो त्या तुकड्यात बसायचा. जो आधी उठला त्याचं राज्य! अँटिव्हायरस जागा होईपर्यंत घरात चोर मालक होऊन बसलेला असतो. सिक्युअर बूट हा त्यावरचा पहारेकरी. सुरू होणाऱ्या प्रोग्रामवर ओळखीची डिजिटल सही नसेल तर तो त्याला पुढे जाऊच देत नाही. पहारेकरीही फसतो, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये 'ब्लॅकलोटस' नावाच्या घातक प्रोग्रामने सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज ११ मध्ये शिरकाव करून दाखवला. त्याने सहीचे जुनेच प्रोग्राम वापरले. त्यांच्यातली चूक २०२२ मध्ये दुरुस्त झाली होती, पण त्यांची सही रद्द व्हायची राहिली होती. आपल्याकडे मेलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत राहतं, त्यातलाच प्रकार.

आता मामेभावाच्या संगणकाकडे येऊ. २०१९ मध्ये नागपूरहून असेंबल करून आणलेला, आठव्या पिढीचा आय-थ्री. म्हणजे प्रोसेसर यादीत बसत होता, तरीही शिक्का अपात्र. मी त्याला विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाकायला लावलं. उत्तर आलं: टीपीएम सापडत नाही. नसेल कसा? जुलै २०१६ नंतर विंडोज १० सकट विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉप-संगणकांत टीपीएम २.० चालू ठेवूनच द्यावा, असं मायक्रोसॉफ्टने कंपन्यांना बंधन घातलं होतं. असेंबल केलेल्या संगणकाला ते बंधन कोण घालणार? सुट्या मदरबोर्डांवर पीटीटी असायचा, पण बहुतेक वेळा बंद. कागद होता, फाइलला लावलेला नव्हता, एवढंच.

बायोसमध्ये जाऊन तो चालू करायला दोन मिनिटं लागतात. सिक्युअर बूटला मात्र जरा तिढा होता. डिस्कवरचा आराखडा एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीचा होता. सिक्युअर बूटला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागते आणि तिला जीपीटी नावाचा नवा आराखडा. घाईघाईत आधी बायोसचं सेटिंग बदललं तर संगणक म्हणतो, डिस्कच नाही, आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. म्हणून क्रम पाळायचा. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून ठेवायच्या, मग विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने आराखडा बदलायचा (त्यात फाइली जात नाहीत), मग बायोस. आणि हे सगळं इन्व्हर्टर भरलेला असताना. आमच्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं. मदरबोर्डचा बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो.

अट पूर्ण झाली, पात्र असा शिक्का बसला. डिस्क इतकी भरलेली होती की जुन्यावर नवं चढवण्यापेक्षा विंडोज नव्यानेच टाकली.

गावच्या शाळेतल्या संगणकांची गोष्ट निराळी. चौथ्या पिढीचे आय-थ्री, धूळ झाडली तर छान चालणारे, पण यादीत नाहीत. इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून सुरू होते. कारण म्हणून सुरक्षा सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. विंडोजच्या गाभ्यात फक्त तपासलेलाच कोड चालावा म्हणून तपासणारा भाग वेगळ्या कोंडीत ठेवायची जी सोय विंडोज ११ मध्ये आहे, ती जुन्या प्रोसेसरवर चालते, पण दमवते. तिला पाठबळ देणारी यंत्रणा इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच आली. मग रेघ आठव्यावर का? आणि सातव्या पिढीतला एक प्रोसेसर, आय-सेव्हन ७८२० एचक्यू, काही यंत्रांपुरता यादीत घेतला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता! यादी करणाऱ्याच्या घरचं नाव यादीत कसं येतं, हे आम्हा विदर्भातल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

म्हणजे ही रेघ कागदावरची आहे. म्हणूनच ती ओलांडताही येते. अट तपासतो तो विंडोज बसवणारा प्रोग्राम, विंडोजचा गाभा नव्हे. रुफस नावाच्या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करताना एक खूण केली की ही तपासणीच वगळली जाते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद घालूनही जमतं. खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ती नोंद एके काळी आपल्या मदतपानावर दिली होती, निदान टीपीएम १.२ तरी हवा एवढ्या बोलीवर.

पण एक नकार असा आहे की त्याला रुफसही काही करू शकत नाही. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोजच्या गाभ्यात पॉपसीएनटी नावाची एक आज्ञा वापरली आहे. काम अगदी साधं, एखाद्या संख्येत द्विमान पद्धतीने किती १ आहेत ते मोजायचं. कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरला ही आज्ञाच माहीत नाही. त्याच्यासमोर ती आली की तो थांबतो, आणि संगणक सुरू होत नाही. इथे ना कोणाची यादी आड येते ना धोरण. सिलिकॉनमध्ये तेवढ्या तारा ओढलेल्या नाहीत, बस. चौथ्या पिढीला ही आज्ञा येते, त्यामुळे शाळेचे संगणक या परीक्षेत पास होतात.

मग शाळेत अट ओलांडून विंडोज ११ टाकावी का? टाकली तर चालते, मी स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितली आहे. दर महिन्याची सुरक्षा अपडेट अशा यंत्रांना येत राहिली आहेत, पण ती येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दरवेळी पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. मास्तरांना तेवढा वेळ नाही. शाळेत मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली सुचवली. मुलांना मराठीत टाइप करायचं, चित्रं काढायची, थोडं कोडिंग करायचं. त्याला टीपीएम लागत नाही, आणि अपडेट वेळच्या वेळी येतात. ग्रामपंचायतीत मात्र लिनक्स चालणार नाही. अंगठ्याच्या यंत्राचे प्रोग्राम बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. आणि पळवाट तर तिथे मी कुणाला सुचवणारच नाही. तिथे सरपंचांचा डोंगल लागतो आणि शेकडो लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात. विंडोज १० वरच राहिलेल्या घरच्या जुन्या संगणकाला ग्राहकांसाठीचं मुदतवाढीचं अपडेट घेता येतं. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालं होतं, ३० डॉलर भरून किंवा सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवून फुकट.

यापेक्षा मोठी भीती मला वेगळीच वाटते. विंडोजची फाइल पाच जीबीच्या वर असते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत ती उतरत नाही, म्हणून लोक तालुक्याच्या दुकानातून पेनड्राइव्हवर 'रेडिमेड' विंडोज भरून आणतात, ॲक्टिव्हेटरसकट, म्हणजे परवाना न घेताच विंडोज चालू करणाऱ्या चोरट्या प्रोग्रामसकट. "अँटिव्हायरस बंद करा मग चालेल," अशी सूचना सोबत असते. टीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू, आणि आत कोणीतरी आधीच बसवून ठेवलेला चोर. सिक्युअर बूट दारावरची सही तपासतो, घरातलं सामान तपासत नाही. फाइल अधिकृत जागेवरून उतरवायची आणि तिचा हॅश, म्हणजे तोच गणिती काढा, संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवून बघायचा. अट ओलांडण्याहून हे महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

आता मामेभावाच्या संगणकाचा पुढचा भाग. मदरबोर्डवर घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. सहा-सात वर्षांत तो संपतो. ग्रामपंचायत आठ दिवस बंद होती, मेन स्विच पाडलेला. उघडून संगणक लावला तर तारीख भलतीच, बायोसची सेटिंगं मूळपदावर, म्हणजे पीटीटी पुन्हा बंद! स्क्रीन निळी, आणि ४८ अंकी रिकव्हरी की द्या म्हणते. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केली की डिस्कला कुलूप आपोआप लागतं, हे मी त्याला सांगायलाच विसरलो होतो. चूक माझी. टीपीएमने त्याचं काम चोख केलं होतं. वही जुळली नाही, किल्ली दिली नाही.

पीटीटी पुन्हा चालू करूनही स्क्रीन हटेना. किल्ली खात्यात ठेवलेली असते, पण खातं काढलं होतं त्याच्या बायकोच्या मोबाइलवर, आणि ती लग्नाला माहेरी, उमरखेडला. मागे डफडं वाजत होतं आणि ती मांडवातून सहा-सहा अंकांचे आठ गट फोनवर ओरडून सांगत होती. सातव्या गटात दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा डिस्क उघडली, आणि बाहेर उभ्या असलेल्या आजीबाईंना त्यांचा रहिवासी दाखला मिळाला.

नवा सेल घड्याळवाल्याकडून आणला. ४८ आकडे एका कागदावर छापले, ग्रामपंचायतीच्याच यंत्रावर लॅमिनेट केले, आणि तो कागद आता मामीच्या लोखंडी पेटीत आहे, शेताच्या सातबाऱ्याखाली.