बेअरर चेक, न वटलेला चेक आणि कायदा : पार्श्वभूमी

चेकवर नावाच्या रेषेच्या टोकाला ‘या धारक को’ असे छापलेले असते. ते खोडले नाही, तर चेक बेअरर. त्यावर दोन तिरक्या रेघा मारून तो क्रॉसही केला नसेल, तर काउंटरवर जो नेऊन देईल त्याला रोकड मिळते.

हुंडीच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या देणे-चिठ्ठीच्या, व्यवहारात पैसे कुणाच्या हाती द्यायचे हा भेद जुनाच. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला, म्हणजे तिच्या हक्कदाराला; शहाजोगचे पेठेतल्या पतदार शहाला, म्हणजे व्यापाऱ्याला. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याने (चेक-हुंडीसारख्या हातोहात फिरणाऱ्या कागदांचा हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट; मराठी नाव वकीलही टाळतात, ‘एनआय अॅक्ट’ म्हणतात) हुंडीच्या रूढींना पहिल्याच कलमात हात लावायचे टाळले. बेअरर चेकच्या पाठीवर कुणी नाव लिहून सही केली, तर तो बेअरर राहतो का? १९३४ मध्ये कलम ८५ ला जोड देऊन उत्तर दिले गेले : मुळात बेअरर तो बेअररच. रीतसर पैसे दिले की बँक मोकळी.

चेक परत आला तर काय, यावर मात्र कायदा शंभरेक वर्षे जवळपास गप्प होता. दिवाणी दावा लावा, नाहीतर तेव्हाच्या दंड संहितेच्या ४२० खाली फसवणुकीची फिर्याद करा. पण फसवणुकीत सुरुवातीपासूनचा हेतू सिद्ध करावा लागे. ‘आठवडाभरात पैसे येणार होते हो’ एवढ्यावर आरोपी सुटायचा.

१ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या एनआय अॅक्टच्या कलम १३८ ने चेक न वटणे हाच गुन्हा ठरवून ही पळवाट बुजवली. चेक वटणार नाही असे वाटले नव्हते, हा बचावच कलम १४० ने काढून घेतला. शिक्षा एक वर्ष कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. २००२ च्या दुरुस्तीने कैद दोन वर्षांवर आणि बँकेच्या मेमोनंतर (चेक परत आल्याच्या चिठ्ठीनंतर) पैसे मागणारी नोटीस पाठवण्याची मुदत १५ वरून ३० दिवसांवर गेली. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरले तर गुन्हाच होत नाही. म्हणून वसुलीसाठी हा पंधरवडा महत्त्वाचा.

बेअरर चेकही यातून सुटत नाही. ज्याचे नाव चेकवर नाही, पण ज्याने मोबदला देऊन तो प्रामाणिकपणे घेतला, तोही फिर्याद करू शकतो. रस्त्यात सापडलेल्या चेकवर मात्र ती करता येत नाही.

२०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने फिर्याद चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावीच करावी लागू लागली. २०१५ मध्ये संसदेने ते फिरवले : चेक खात्यात भरला असेल, तर घेणाऱ्याच्या शाखेच्या ठिकाणी खटला. काउंटरवर वटवायला नेलेल्या बेअरर चेकसाठी मात्र आजही देणाऱ्याच्याच बँकेचे गाव गाठावे लागते.