एमएफआय सारखा, तरी एकच पीपी फुगतो

पीपीच्या (पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या) पोत्यावरचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) म्हणजे २३० अंश सेल्सिअसला, २.१६ किलो वजनाखाली, सुमारे २.१ मिलिमीटरच्या भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला तो आकडा. माल किती सहज वाहतो, एवढेच तो सांगतो. फोममध्ये मात्र बुडबुड्याची भिंत वाहत नाही, ताणली जाते. म्हणून ३ एमएफआयच्या दोन पीपींपैकी एकाचा हलका फोम होतो आणि दुसरा डायबाहेर (यंत्राच्या ज्या तोंडातून माल निघतो त्याबाहेर) येताच बसतो.

पॉलिस्टायरीनला ही अडचण कधी फारशी आली नाही. ते स्फटिकत नाही, थंड होताना सावकाश घट्ट होत जाते. त्यामुळे डाऊ कंपनीने १९४० च्या दशकातच त्याचा फोम काढला. एलडीपीईच्या (कमी घनतेच्या पॉलिथिनच्या) साखळ्यांना, म्हणजे लांब रेणूंना, उच्च दाबाच्या प्रक्रियेतच लांब फांद्या फुटतात. ताण वाढला की त्या एकमेकींत अडकतात आणि भिंत जिथे पातळ होते तिथेच जास्त प्रतिकार करते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ नाट्टा यांचा १९५४ चा पीपी सरळ साखळ्यांचा. वितळबिंदूच्या वर तो फार पातळ, काही अंश खाली आला की स्फटिकतो. फोमसाठी मधली जागा जवळजवळ उरतच नाही.

वाट निघाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. हिमाँट कंपनीने कमी ऑक्सिजनमध्ये पीपीवर इलेक्ट्रॉन किरण सोडून तुटलेले तुकडे दुसऱ्या साखळ्यांना जोडले. त्याचे अमेरिकी पेटंट १९९० चे. पुढे कमी तापमानाला फुटणारे पेरॉक्साइड (साखळ्यांवर रासायनिक क्रिया सुरू करणारे रसायन) वापरूनही फांद्या जोडता आल्या. इथे तापमान महत्त्वाचे: २०० अंशांच्या वर नेहमीचे पेरॉक्साइड टाकले तर साखळ्या तुटतच जातात आणि एमएफआय चढतो.

असा उच्च मेल्ट स्ट्रेंथचा (वितळलेला असताना ताण सोसण्याच्या ताकदीचा) पीपी महाग, म्हणून बहुतेक जण तो साध्या पीपीत मिसळतात. दोन एक्स्ट्रूडरच्या (स्क्रूने माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रांच्या) जोडीत पहिला वितळवून गॅस मिसळतो, दुसरा थंड करतो. विरघळलेला ब्युटेन किंवा कार्बन डायऑक्साइड माल पातळ करतो, त्यामुळे डायपाशी पोत्यावरचा आकडा लागू पडत नाही. एमएफआय फार कमी घेतला तर घर्षणाने माल तापतो, भिंती फाटतात आणि बुडबुडे एकमेकांत उघडतात. डायमधला दाब अपुरा पडला तर गॅस आतच सुटतो आणि पत्रा खरखरीत येतो.

कातरण (कापून उरलेला माल) परत वापरताना जपावे: प्रत्येक फेरीत स्क्रूच्या घर्षणाने लांब फांद्या तुटतात. एमएफआय थोडाच हलतो, मेल्ट स्ट्रेंथ मात्र बरीच उतरते. ती ताणून मोजणाऱ्या रिओटेन्ससारख्या यंत्रावरच कळते.