शिट्टीनंतरचे सेकंद : अमेरिकी महाविद्यालयीन महिला लॅक्रॉसमधल्या शारीरिक भाराची पार्श्वभूमी

पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध जीपीएसची डबी, छातीला हृदयगती मोजणारा पट्टा आणि सामना संपला की प्रशिक्षकाच्या टॅबलेटवर प्रत्येकीचे अंतर, वेग, थांबे. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या महिला लॅक्रॉसमध्ये हे आता नेहमीचे दृश्य झाले आहे. पण अशी मोजणी जुन्या मोजणीशेजारी ठेवण्याआधी ती २०१८ च्या नियमबदलाच्या अलीकडची आहे की पलीकडची, हे पाहायला हवे. मधल्या काळात खेळ बराच बदलला आहे.

लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. मुलींचा पहिला सामना झाला तो मात्र १८९० मध्ये, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या एका शाळेत. १९२० च्या दशकात हा खेळ बाल्टिमोरच्या एका शाळेत रुजला. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढले आणि १९८२ पासून आजच्या नियामक संस्थेची, एनसीएएची, महिला स्पर्धा सुरू झाली. या सगळ्या काळात मुलींच्या खेळात गोलरक्षक सोडून इतरांना हेल्मेट नव्हते आणि अंगावर जायला परवानगी नव्हती. काठीची जाळी उथळ, त्यामुळे धावताना चेंडू झुलवत न्यावा लागे. तो अजूनही लागतो. पूर्ण वेगात पळायचे आणि हात सतत हलते ठेवायचे, हे नुसत्या पळण्याहून वेगळे काम आहे. किलोमीटरच्या आकड्यात ते कुठेच उमटत नाही.

जुन्या खेळातला सर्वांत विचित्र नियम म्हणजे थांबण्याचा. पंचाची शिट्टी वाजली की गोलरक्षक सोडून मैदानावरच्या सगळ्या जणींनी असतील तिथेच उभे राहायचे. आपल्याकडच्या मुलांच्या ‘स्टॅच्यू’सारखे. जिच्यावर फाउल झाला तिने मिळवलेला फायदा बचाव करणाऱ्यांनी मागून सावरून घेऊ नये, हा त्यामागचा हिशेब. पण भाराच्या दृष्टीने त्याला दोन बाजू होत्या. दर शिट्टीला काही सेकंद दम घ्यायला मिळे, आणि पुन्हा शिट्टी वाजली की शून्यातून वेग पकडावा लागे. गुडघ्याला यातला दुसरा भाग महागात पडतो. या खेळातल्या गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या कित्येक दुखापती कुणाचा धक्का न लागताच होतात.

२०१७ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीत नव्वद सेकंदांचे पझेशन क्लॉक, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर तेवढ्या वेळात गोलवर फटका मारण्याचे बंधन, आले आणि आघाडीवरच्या संघाला चेंडू खेळवत वेळ काढणे अवघड झाले. त्यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो २०१८ च्या ‘फ्री मूव्हमेंट’वर. शिट्टीनंतरही हलायला मोकळीक, असा तो नियम. आक्षेप असा की फाउल करणाऱ्या संघाला सावरायला वेळ मिळतो, म्हणजे चूक करणारीचेच फावते. शिवाय पंचांनी नजर ठेवायची ती किती जणींवर? समर्थकांचे म्हणणे साधे होते : शिट्ट्यांनी खेळाचे तुकडे पडतात, प्रेक्षक कंटाळतात. त्या चर्चेत खेळाडूच्या दमाचा विषय फार मागे राहिला, असे मला वाटते.

शब्दाचा घोळ वेगळाच. ‘फ्री मूव्हमेंट’ आणि ‘सेल्फ-स्टार्ट’ या दोन गोष्टी आहेत, पण बोलताना सर्रास एकच धरल्या जातात. सेल्फ-स्टार्ट म्हणजे जिच्यावर फाउल झाला तिने दुसऱ्या शिट्टीची वाट न पाहता खेळ सुरू करणे. हॉकीतला सेल्फ-पास आठवावा. फ्री मूव्हमेंट ही बाकीच्यांची मोकळीक. तीही पूर्ण नाही, कारण गोलसमोरच्या आठ मीटरच्या कमानीत फ्री पोझिशन, म्हणजे फाउलबद्दल गोलकडे मोकळी संधी, मिळाली की इतरांना कमान रिकामी करावीच लागते. एका नियमाने विश्रांती कापली, दुसऱ्याने उरलेले थांबे आखूड केले. ‘वेग वाढला’ असे म्हणताना यातला कुठला परिणाम मोजला, हे क्वचितच सांगितले जाते.

सरासरीचेही तसेच. मैदानावर आखलेल्या रिस्ट्रेनिंग लाइनमुळे प्रत्येक संघाच्या चौघींना तिच्या मागे थांबावे लागते, म्हणून दोन्ही टोकांची धावपळ मिडफिल्डवर, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूंवर, येते. पण बदली खेळाडूंवर मर्यादा नाही. काही जणी फक्त ड्रॉ, म्हणजे खेळ सुरू करताना मध्यभागी चेंडूसाठी होणारी झुंज, घ्यायला येतात, काही फक्त आक्रमणापुरत्या. अशांची सरासरी साठ मिनिटे मैदानावर असणारीशी जोडली तर हाती काय लागणार?

२०२२ पासून तीस-तीस मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी पंधरा मिनिटांचे चार भाग आले. एकूण वेळ तेवढाच, पण दम घ्यायला आणखी दोन मध्यंतरे. शिट्टीपाशी गेलेली विश्रांती थोडीफार अशी परत आली, फक्त आता तिची वेळ ठरलेली आहे.

हंगामाची आखणी मात्र या हिशेबात कमीच येते. राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी शुक्रवारी आणि अंतिम सामना रविवारी. एरवी सराव आणि सामने मिळून आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, आणि त्या हिशेबात सामन्याचा दिवस सरसकट तीन तासांचा धरला जातो, मग कुणी साठ मिनिटे धावलेली असो की पाच.