मनिलाचा गळालेला मंगळवार

पंचांगात तिथीचा क्षय होतो, वाराचा कधीच होत नाही. फिलिपिन्समध्ये मात्र एकदा वाराचाच क्षय झाला. सोमवार, ३० डिसेंबर १८४४ ची रात्र सरली आणि उजाडला तो थेट बुधवार, १ जानेवारी १८४५.

शाळेत शिकलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा पुष्कळांना विषुववृत्तासारखीच निसर्गाने आखलेली वाटते. तशी ती नाही. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातून येतं. वाररेषा मात्र माणसं कुठल्या दिशेने आली आणि कुणाशी व्यवहार ठेवून राहिली, यावरून ठरत गेली.

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १४९४ च्या तोर्देसियास करारानंतर पूर्वेची वाट पोर्तुगालकडे गेली, म्हणून स्पेनची जहाजं पश्चिमेकडून आशियात आली. १५२१ मध्ये स्पेनचा दर्यावर्दी मॅगेलन आला, १५६५ मध्ये लेगास्पीने सेबू बेटावर वसाहत केली, १५७१ पासून मनिला राजधानी झाली. कारभार चाले मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली, आणि माल व चांदीची ने-आण करणारी गलबतं आकापुल्को ते मनिला असा अख्खा पॅसिफिक ओलांडत.

आता गंमत बघा. जहाजावर सूर्य माथ्यावर आला की दुपारचे बारा. पश्चिमेकडे १५ रेखांश सरकलं की ही दुपार एक तास उशिरा होते. रोज थोडंसंच अंतर कापलं जातं, त्यामुळे दिवस काही मिनिटांनीच लांबतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. स्पेनचं सेव्हिल सुमारे ६ अंश पश्चिमेला, मनिला १२१ अंश पूर्वेला. पश्चिमेकडून गेलं तर अंतर २३३ अंश, म्हणजे मनिलाचं घड्याळ सेव्हिलच्या सुमारे साडेपंधरा तास मागे. पूर्वेकडून गेलं तर १२७ अंश, म्हणजे साडेआठ तास पुढे. साडेपंधरा अधिक साडेआठ, बरोबर चोवीस! घड्याळात दोन्हीकडे तीच वेळ, वार मात्र एकाने वेगळा.

गोव्यावरून पूर्वेकडे सरकत चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला पोहोचलेल्या पोर्तुगीजांचा मंगळवार असे, तेव्हा शेजारच्या मनिलात सोमवार असे. वारावर एखाद्या ग्रहाचा अंमल असतो असं मानणाऱ्यांनी इथे जरूर थांबावं: एकाच आकाशाखाली, एकाच क्षणी, अंमल कोणाचा मानायचा? चंद्राचा की मंगळाचा?

मॅगेलनच्या उरलेल्या खलाशांना पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताना हा फरक जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर कळला. जहाजावरच्या नोंदीत बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार. त्या सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेत्ताने रोजनिशीत एकही दिवस चुकवला नव्हता, तरीही.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि मनिलाची अमेरिकेशी असलेली नाळ तुटली. व्यापार चीन आणि आसपासच्या बेटांशी वाढला. शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे राहणं गैरसोयीचं झालं, तेव्हा गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढून ३१ डिसेंबर गाळला.

त्यामुळे १८४५ पूर्वीचं मनिलाचं पत्र वाचताना आजच्या हिशेबासाठी तारखेत एक मिळवावा लागतो. मॅगेलन माक्तान बेटावर मारला गेला तो दिवस २७ एप्रिल १५२१ असा सांगतात. वाराचा हा फरक धरला तर त्या काळच्या ज्युलियन दिनदर्शिकेने तो २८ एप्रिल होता.