‘स्पीशसली’ म्हणजे नेमकं काय?
भाषांतर आणि मुद्रितशोधनासाठी मजकूर देणाऱ्या ग्राहकांसाठी

इंग्रजी अहवालांत, परीक्षणांत, कायदेशीर नोटिसांत ‘स्पीशसली’ (speciously) हे क्रियाविशेषण अधूनमधून भेटतं. ‘चुकीच्या पद्धतीने’ असं लिहून मोकळं होता येतं, पण आम्ही तसं करत नाही. उघडउघड चुकलेल्या युक्तिवादाला हा शब्द लागतच नाही. ऐकताक्षणी पटतो आणि खोलात शिरल्यावर फोल निघतो, अशा युक्तिवादासाठी तो आहे.

‘या यंत्राबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही, म्हणजे यंत्र निर्दोष आहे.’ वाक्य कसं ठाम वाटतं! पण तक्रार नोंदवायची सोयच ठेवलेली नसेल तर? माहिती खरी, निष्कर्ष पोकळ. ही मांडणी ‘स्पीशसली’ केलेली.

शब्दाचं मूळ मात्र अगदी गोड आहे. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. त्यावरून ‘स्पेकिएस’ म्हणजे रूप आणि ‘स्पेकिओसुस’ म्हणजे रूपवान. निंदा नावालाही नाही. लॅटिन बायबलात जेरुसलेमच्या मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाला हेच विशेषण लावलं आहे. इंग्रजीतही आधी ‘देखणं’ हाच अर्थ होता. ‘दिसायला चांगलं, पण तेवढंच’ हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. आज पहिला जवळपास गेलाच. आपला ‘स्पष्ट’ही याच कुळातला बरं का! संस्कृतातला ‘स्पश्’ (पाहणं) हा धातू आणि लॅटिनचा ‘स्पेकेरे’ हे सख्खे भाऊबंद.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, कधीच देऊन ठेवला आहे: हेत्वाभास. कारणासारखं दिसणारं, पण कारण नसलेलं. अभ्यासपूर्ण लेखात आम्ही ‘हेत्वाभासी’ बिनधास्त वापरतो; एरवी ‘वरकरणी पटेल अशा रीतीने’ बरं पडतं. नोटिशीत मात्र हात आखडता घेतो. तिथे ‘दिशाभूल करण्यासाठी’ असं लिहिलं, की समोरच्याने ते जाणूनबुजून केलं असा आरोप होतो. मूळ शब्दात तेवढं नसतं; माणूस स्वतःही त्या युक्तिवादाला भुललेला असू शकतो.

आणखी एक. ‘ऐसपैस’ या अर्थाचा ‘स्पेशसली’ (spaciously) हा शब्द इंग्रजीत लिहिताना याच्यापेक्षा एका स्वराने वेगळा आहे. एकाच्या जागी दुसरा टंकला गेला, तरी दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे संगणकाला ही चूक सहसा दिसत नाही. म्हणून ‘स्पीशसली’ असलेलं पान पाठवताना कृपया त्या वाक्याच्या आधीचा परिच्छेदही पाठवा. कोणाच्या कोणत्या म्हणण्याबद्दल ते लिहिलंय, हे कळल्याशिवाय आम्ही मराठी शब्द ठरवत नाही.