पुस्तिका कोणत्या कपाटात? विषयवार मांडणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांत एखादा विषय धरून चाळायला बसलेल्या वाचकाला जाडजूड ग्रंथ सापडतात, त्याच विषयावरच्या पुस्तिका मात्र सहसा सापडत नाहीत. त्या तिथेच असतात, पण दुसऱ्या खोलीत सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात किंवा पाठीवर ‘संकीर्ण’ अशी चिठ्ठी असलेल्या बांधीव खंडात. ग्रंथ आणि पुस्तिका यांची ही ताटातूट एका दिवसात झाली नाही.

रत्नागिरीत १८२८ साली आणि पुण्यात १८४८ साली निघालेल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ पद्धतीच्या वाचनालयांना हा प्रश्न फारसा पडलाच नाही. संग्रह लहान होता, बराचसा इंग्रजी होता, आणि हवे ते पुस्तक सांगितले की कारकून काढून देई. फक्त मराठी ग्रंथ जमवण्याच्या हेतूने ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली संग्रहालये उभी राहिली, तेव्हा जे मिळेल ते आणि जसे मिळेल तसे घ्यायचे असे धोरण होते. त्या धोरणामुळेच आज पुस्तिका शिल्लक आहेत.

कायद्याने मात्र त्याआधीच निकाल दिला होता. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली आणि ‘पुस्तक’ या व्याख्येत पुस्तिकाही घातली. सोळा पानांची पुस्तिका असो की सहाशे पानांचा ग्रंथ, नोंदीची कलमे तीच: नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याची जागा, पानांची संख्या, आवृत्ती, प्रती, छापील की शिळाप्रेसवर काढलेले, किंमत. चौथे कलम विषयाचे होते. या नोंदींच्या तिमाही याद्या सरकारी गॅझेटात येत. मराठीत ‘दोलामुद्रिते’ म्हणून जी जुनी मुद्रिते वेगळी काढली जातात, त्यांची हद्द १८६७ वर आखली जाते ती याच कायद्यामुळे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सरकारदप्तरी पुस्तिका पुस्तकाच्या बरोबरीला होती. तिला खाली उतरवले ते ग्रंथालयांनी.

विधवांच्या पुनर्विवाहाचे उदाहरण घेऊ, कारण या एका विषयात सगळा गुंता दिसतो. १८५६ साली पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. पुढची पंधरा वर्षे त्यावर बाजूने आणि विरुद्ध छापील मजकुराचा पूर आला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला आणि निकाल पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. हा वाद वृत्तपत्रांतून आणि पुस्तिकांतून लढला गेला. जाड ग्रंथ मागाहून आले. आता या पुस्तिका ठेवायच्या कुठे? लेखकाने स्मृतिवचने काढून युक्तिवाद केला असेल तर धर्मशास्त्रात. कायद्याचा अर्थ लावला असेल तर कायद्यात. विवाहाचे विधी वर्णिले असतील तर चालीरीतींत. बायकांच्या हालांविषयी लिहिले असेल तर स्त्रियांच्या स्थितीत. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात हे चार वेगळे अंक आहेत आणि चार वेगळी कपाटे. एकाच वादातले दोन प्रतिपक्षी, एकमेकांना ओळीओळीने उत्तर देणारे, दोन खोल्यांत जाऊन बसतात.

नावानेही साथ दिली नाही. कुणी ‘विधवाविवाह’ म्हणतो, कुणी ‘पुनर्विवाह’, संस्कृत वळणाचा शास्त्री ‘पुनरुद्वाह’ लिहितो. ज्या जातींत विधवेचे लग्न पूर्वापार होत आले, तिथे त्याला ‘पाट’ किंवा ‘मोहोतूर’ म्हणत. विषयसूची करणाऱ्याने ‘पुनर्विवाह’ हा मथळा घेतला आणि ‘पाट’ लोकरीतीत टाकला, तर वाचकाला वाटते की महाराष्ट्रात विधवेचे लग्न ही सुधारकांनी आणलेली नवी गोष्ट. अशा वेळी मथळा इतिहासाबद्दल एक बाजू घेतो, आणि ती बाजू चुकीची आहे. ‘पाट पाहा: पुनर्विवाह’ आणि उलट, अशा दोन तालिकापत्रांनी, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीतल्या कार्डांनी, हे टळले असते.

दशांश पद्धत अमेरिकेत १८७६ साली निघाली. तिच्या धर्माच्या वर्गात २२० ते २८० हे अंक ख्रिस्ती धर्माला दिलेले आणि बाकी जगाचे सगळे धर्म २९० मध्ये. हिंदू धर्म २९४.५. मराठी संग्रहात याचा परिणाम विचित्र होतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीत धर्मप्रसाराच्या पुष्कळ पुस्तिका काढल्या, आणि त्यांना इकडून उत्तरेही गेली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर तर जाहीर वाद रंगले. वर्गीकरणात मिशनऱ्याची पुस्तिका सुटसुटीत तीन आकड्यांत बसते, आणि तिला दिलेले उत्तर २९४.५ च्या पुढे दशांशांची शेपटी लावून दुसऱ्या कपाटात जाते. प्रश्न इकडे, उत्तर तिकडे.

शिवाय या पद्धतीचे अंक आवृत्तीगणिक हलतात. स्त्रियांच्या स्थितीला जुन्या आवृत्त्यांत ३९६ हा अंक होता. तो मोडीत निघाला आणि विषय समाजशास्त्रात जाऊन शेवटी ३०५.४ वर स्थिरावला. ज्या ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांचे अंक बदलले नाहीत, तिथे १९२० ची पुस्तिका एका टोकाला आणि तिच्यावरचा १९९० चा अभ्यासग्रंथ दुसऱ्या टोकाला.

बडोदा संस्थानाने १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावला आणि वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत आणली. विषयवार चाळणे खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाले, आणि बडोद्यातल्या मराठी वाचकाला त्याचा लाभ मिळाला. मद्रासला १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली गेली. त्यातले तिसरे ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू एकाच अंकात जोडण्याची सोय होती, पुनर्विवाहासारख्या विषयाला ती फार उपयोगी पडली असती. पण आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ती रुजली नाही.

१९४४ साली १८०० ते १९३७ या काळातली मराठी ग्रंथसूची प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिचा १९५० पर्यंतचा पुढचा भाग. ग्रंथालये हिंडून, विषयवार लावलेली ही सूची एका माणसाच्या चिकाटीवर उभी राहिली. तिच्यात छोट्या पुस्तिकाही मोठ्या ग्रंथांच्या पंगतीला आहेत. माझ्या मते आपल्याकडे विषयवार चाळण्याचे सर्वांत चांगले साधन आजही हेच, आणि तिच्या पाठोपाठ त्या तोडीचे काम पुरेसे झाले नाही याची खंत वाटते.

त्याच सुमारास कपाटांत मात्र उलटा प्रवास चालू होता. ग्रंथपालांची अडचण खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. वीस पानांची पुस्तिका उभी राहत नाही. वर्गांक चिकटवायला तिला कणा नसतो. दोन जाड ग्रंथांच्या मध्ये ती चिरडते किंवा दिसेनाशी होते, मुक्तद्वारात सहज खिशात जाते, आणि टाचणीच्या गंजाने तिची मधली पाने गळतात. म्हणून दहा-बारा पुस्तिका एकत्र करून बांधणी करायची, असा मार्ग निघाला. बांधताना विषय पाहिला जातोच असे नाही. एकाच मापाच्या पुस्तिका एकत्र येतात, कारण कडा कापायला तेच सोपे. मग शेतसाऱ्यावरचे गाऱ्हाणे, एखाद्या संताची आरती, कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणातले उत्तर आणि औषधांची यादी असा खंड तयार होतो. त्याला दाखल क्रमांक एक. तालिकापत्र पहिल्या पुस्तिकेच्या नावाचे.

पुढे आकडेवारीने ही दरी पक्की केली. १९६४ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले की मुखपृष्ठ सोडून निदान ४९ पाने असतील ते पुस्तक, ५ ते ४८ पानांची ती पुस्तिका. मोजणीपुरती ही व्याख्या ठीक आहे. पण मोजणीची व्याख्या मांडणीचा नियम होऊन बसली तर १८६७ च्या कायद्यापेक्षाही आपण मागे जातो. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागले. वाचनसंस्कृतीला याचा फायदा झाला यात शंका नाही. पण ग्रंथांची संख्या, वृत्तपत्रे, सभासद, देवघेव यांच्या हिशेबात जुन्या गठ्ठ्याची गाठ सोडून विषय लावत बसायला वेळ उरला नाही.

अशाने काय हुकते त्याचे एक उदाहरण ठळक आहे. बुलढाण्याच्या एका बाईने लिहिलेली ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली आणि नंतर विस्मरणात गेली. ती पुन्हा छापून वाचकांपुढे आली १९७५ साली. मधल्या काळात स्त्रीप्रश्नावर मराठीत इतके लिहिले गेले, पण त्या लेखनाला या पुस्तिकेचा आधार फारसा मिळाला नाही.

संगणक आल्यावर हे सुटेल असे वाटले होते. पण जुन्या लेखनात अनुस्वार भरपूर, ‘पुस्तकें’, ‘स्त्रियांचीं दुःखें’. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतरच्या सवयीने शब्द टंकला तर जुने शीर्षक पडद्यावर येतेच असे नाही. मोडीत शिळाप्रेसवर काढलेला मजकूर तर यंत्राला सहसा नीट वाचता येत नाही. म्हणजे शब्दशोध जिथे थांबतो तिथे माणसाने लावलेला विषयच कामाला येतो. आणि स्कॅनिंग होते ते खंडाप्रमाणे: बारा पुस्तिकांची एक फाइल, नाव पहिलीचे. बाकी अकरा पुस्तिकांची नावे, साल, छापखाना आणि निदान दोन-दोन विषयमथळे त्या फाइलच्या नोंदीत घालायला एका जाणत्या माणसाचा अर्धा दिवस लागतो. कपाट न हलवता, बांधणी न उसवता, पुनर्विवाहावरची पुस्तिका आणि तिला उत्तर देणारी पुस्तिका एका यादीत आणता येतात. हे काम स्कॅनिंगच्या कंत्राटातच लिहिले गेले पाहिजे; नंतर कुणी करील म्हणून सोडलेले संकीर्ण खंड साठ-सत्तर वर्षे तसेच पडून आहेत.